लाल दोऱ्याचा मान

मी तांबडी बोलते आहे. दोन्या क्लोतिल्देच्या, म्हणजे क्लोतिल्देबाईंच्या, परसातली कोंबडी. माझी हकिकत सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. माझ्याच खुराड्यातल्या चितरी कोंबडीचा पाय मोडला, तो मोडताना मी पाहिला नाही. त्या वेळी मी ओसरीच्या कोपऱ्यातल्या टोपलीत अंडे घालायला बसले होते, आणि त्या कामात गुंतलेल्या कोंबडीला समोरच्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. मी ऐकले ते फक्त दोन आवाज: आधी काहीतरी घरंगळल्याचा, मग चितरीच्या किंचाळण्याचा.

नंतर दोन हकिकती कानावर आल्या. दोन्या म्हणाली, भिंतीला टेकवलेली बोरूची मोळी आपोआप घसरली. तिचा जावई आर्नुल्फो म्हणाला, कोंबडीनेच हावरटपणे मोळीवर उडी टाकली आणि स्वतःवर संकट ओढवून घेतले. दोन्याची लेक एदिल्मा तिथेच होती. तिने चितरीला उचलून पोटाशी धरले होते, आणि धरावे एवढे पोट तेव्हा तिला होते.

खरे काय ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेले ठामपणे सांगण्याची मला सवय नाही. माझे दुखणे त्यानंतर सुरू झाले. ते मात्र पहिल्यापासून मी स्वतः पाहिलेले आहे.

माझ्या जन्माविषयीही असेच अर्धवट ज्ञान आहे. ज्या कोंबडीच्या पोटाखाली मी कवच फोडून बाहेर आले ती करडी होती. अंडे मात्र शेजारच्या सातुरियाच्या घरून, दोन्याच्या शालीत गुंडाळून आले होते. तेव्हा आई कोणाला म्हणायचे हा प्रश्न मी लहानपणीच सोडून दिला. त्याऐवजी मी घर धरले. टेकडीच्या उतारावरचे ते कौलारू घर, पुढे ओसरी, ओसरीत बोरूच्या मोळ्या आणि अर्ध्या विणलेल्या टोपल्या. त्या घरात सगळेच टोपल्या विणतात. बोरू चिरण्याची सुरी प्रत्येकाच्या कमरेला असते, आणि बोटाला चिंधी गुंडाळलेली नाही असा माणूस तिथे सापडत नाही.

मी अंडे घालू लागले तशी माझी पत वाढली. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहण्याचा हक्क माझा होता. दोन्या मक्याची भाकरी भाजताना करपलेला काठ मोडायची आणि न पाहताच मागे टाकायची. तो माझा असे. इतर कोंबड्यांनी उंबरा ओलांडला तर केरसुणी उगारली जाई. माझ्यावर कधी नाही. पुढे जे घडले त्याचे माप घ्यायला हा उंबरा लक्षात ठेवावा लागेल.

एदिल्माला दिवस गेले तेव्हा दोन्याने परसात येऊन आम्हां सगळ्यांकडे बराच वेळ पाहिले. मागच्या खेपेला एदिल्माचे बाळ पोटातच गेले होते. या खेपेला दोन्या कुठेही कसूर ठेवणार नव्हती. तिने पांढरीला पकडले, काळीला पकडले आणि मग चितरीला. एकेकीला स्वयंपाकघरात नेऊन बाळंतिणींचा संत सान रामोन याच्या तसबिरीसमोर तिच्या डाव्या पायात लाल लोकरीचा दोरा बांधला. बांधताना ती पुटपुटत होती. त्या दिवसापासून संध्याकाळी त्या तिघींना वेगळा, सोललेला मका मिळू लागला.

मला बोलावले नाही.

माणसे दोरा बांधतात तो मान म्हणून, असे माझे निरीक्षण होते. तान्ह्या बाळाच्या मनगटाला बांधतात, व्यायलेल्या गाईच्या शिंगाला बांधतात. जी वस्तू नकोशी असते तिला कोणी लोकर वाया घालवत नाही. घरात रोज अंडे कोण देते? मी. मग दोरा कोणाला? ठिपक्यांच्या त्या अंगचोर चितरीला, जिची अंडी आठवड्यातून जेमतेम दोन, आणि तीही कुंपणाखाली लपवलेली. मी दूर उभी राहून त्या तिघींचे खाणे पाहत असे. मका गिळताना चितरी पाय असा काही पुढे टाकी, जणू तो दोरा तिने स्वतः कातला होता.

आणि मग तिचा तो दोऱ्याचा पाय मोडला. मला आनंद झाला असे म्हणणे अचूक होणार नाही. मला वाटले, आता हिशेब सरळ होईल. झाले उलटेच.

सातुरियाला बोलावणे गेले. ती गावातली हाडे बसवणारी, आणि एदिल्माची धर्ममाता. म्हणून दोन्या तिला ‘कोमाद्रे’ म्हणते आणि तीही दोन्याला तेच म्हणते. आजवर तिने माणसांचे खांदे बसवले, खेचरांचे घोटे बसवले. कोंबडी पुढे केल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“कोमाद्रे, गावातली माणसं संपली वाटतं?”

“संपली नाहीत, पण ती स्वतः चालत तुझ्याकडे येतात,” दोन्या म्हणाली. “ही कशी येणार?”

सातुरिया हसली आणि चुलीपाशी बसली. तिने चितरीला मांडीवर पाठीवर निजवले, डोळ्यांवर फडके टाकले, आणि कोमट चरबीचा हात त्या पायावरून वर खाली फिरवला. हाड एकाच ठिकाणी तुटले होते, कातडी फाटली होती आणि सूज इतकी चढली होती की दोरा मांसात रुतून दिसेनासा झाला होता. तो आधी काढायला हवा, असे ती म्हणाली. दोन्याचा चेहरा उतरला.

त्या घरातला नियम असा: हा दोरा नवसाचा. तो आपोआप सुटून पडला तर संताने त्या कोंबडीला सोडले असे धरायचे, आणि मग तिला कोणी हात लावायचा नाही. पण माणसाने कापला तर ती सुटका नव्हे, ती नवसातली खोट. त्या जागी दुसरा दोरा बांधून ती भरून काढावी लागते.

“पाय वाचवायचा की दोरा, ते लवकर ठरव,” सातुरिया म्हणाली. “माझी चरबी निवते आहे.”

दोन्याने मान वळवली. सातुरियाने सुरीच्या टोकाने दोरा उचलून कापला, जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, मध लावला. बोरूच्या दोन पातळ कामट्या, आतून लोकर, वरून जुन्या चादरीची पट्टी. अशा बंदोबस्तात तो पाय बांधला गेला. दोन्याने कापलेला दोरा सान रामोनच्या तसबिरीमागे ठेवला.

“हाड धरेल,” जाताना सातुरियाने सांगितले, “पण चाल वाकडीच राहील.”

“मग ही बाळंतिणीची नाही राहिली,” दोन्या म्हणाली. “खोटीचा पाय मी माझ्या लेकीच्या नवसात चालू देणार नाही.”

‘बाळंतिणीची’ हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. माझे लक्ष दुसरीकडे होते. दोन्या नवी टोपली विणायला बसली होती.

अशी टोपली त्या घरात पूर्वी विणली गेली नव्हती. तळाला दोन भोके, आत मऊ फडके, वर चार दोऱ्या. ती चुलीजवळच्या तुळईला टांगली. चितरीला तिच्यात असे बसवत की अंगाचा भार पोटावर येई, दोन्ही पाय भोकांतून खाली सुटत आणि मोडक्या पायाला जमीन लागत नसे. आयुष्यभर मी ज्या उबेच्या दाराशी उभी होते, तिच्या मधोमध ती झोपाळ्यावर बसली होती.

एदिल्माला उतार चढायला, ओझे उचलायला, वाकायला बंदी होती. दिवसभर ती चुलीपाशी बसे, टोपलीचे काठ वळे आणि चितरीला जोजवी. पट्टी सोडून जखम धुणे, पुन्हा बांधणे, पाणी वाटीने चोचीला लावणे, पंखाखाली हात घालून तिला वळवणे, खालचे फडके बदलणे. सगळे तिने स्वतःकडे घेतले. भिजवलेला मका ती तळहातावर धरी. आणि हाड लवकर धरावे म्हणून त्या मक्यात ती काय मिसळत होती? अंड्याचे कवच, भाजून बारीक कुटलेले. शिवाय एक दिवसाआड उकडलेला बलक. चितरी टांगलेली, पांढरी आणि काळी अंडी द्यायच्या थांबलेल्या. तेव्हा ते अंडे कोणाचे होते, हे सांगायला फार तर्क लागत नाही.

माझेच अंडे, माझ्याच देखत, तिला भरवले जात होते.

मी उंबरा ओलांडून टोपलीखाली गेले. समोर पांढरी पट्टी लोंबत होती, तिच्यावर एक लालसर डाग होता. लाल डाग दिसला की कोंबडीची चोच आपोआप पुढे जाते. हा आमच्या जातीचा स्वभाव आहे, त्याला मत्सर म्हणता येणार नाही, असे मी म्हणत असे. अजूनही म्हणते, पण आवाज थोडा खाली आला आहे. चितरी ओरडली. दोन्याने केरसुणी उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या पाठीत बसली.

“दुखणाऱ्याच्या मागे लागतेस?” ती म्हणाली. “बाहेर हो.”

तेव्हापासून उंबऱ्यावर एक फळी आडवी आली. मी फळीच्या अलीकडे.

माझ्या बाजूने बोलणारा घरात एकच होता, आणि तोही स्वतःसाठी बोलत होता. आर्नुल्फो दिवसभर दुधाचे कॅन वाहून संध्याकाळी येई, तेव्हा चुलीजवळची त्याची जागा टोपलीने अडवलेली असे.

“सासूबाई,” एकदा तो म्हणाला, “उद्या मीही पाय मोडून घेतो. मग मला असं टांगून उकडलेलं अंडं भरवाल का?”

“टांगीन की,” दोन्या विणकामावरून नजर न उचलता म्हणाली. “अंडं मात्र तुमचं तुम्ही घाला.”

एदिल्मा खूप दिवसांनी हसली. दोन्याने विणणे थांबवून तिच्याकडे पाहिले, आणि मला वाटते, त्या क्षणापासून ती टोपली तिथून हलणार नाही हे ठरले. मागचे बाळ गेल्यापासून त्या घरात हसण्याची टंचाई होती, आणि एका मोडक्या पायाने ते आणले होते. मला हे समजत होते. समजल्याने जळफळाट कमी होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी कधी फळीच्या अलीकडून पाहिलेले नसते.

मग मी लंगडू लागले.

या निर्णयामागे साधी तर्कसंगती होती. त्या घरात अंडी देणाऱ्याला करपलेला काठ मिळतो आणि लंगडणाऱ्याला मांडी मिळते. मी डावा पाय पोटाशी ओढून ओसरीत दोन उड्या मारल्या, थांबले, एदिल्माकडे पाहिले. तिने पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी मी अधिक चांगले लंगडले. सरावाने त्यात सफाई आली. फक्त मका दिसला की मी विसरत असे, आणि परत आठवेपर्यंत पाय बदललेला असे.

“आई,” एदिल्मा एके सकाळी म्हणाली, “तांबडीपण लंगडतेय.”

दोन्या फळी ओलांडून आली. तिने मला उचलले, चुलीपाशी नेले आणि मांडीवर घेतले. मांडी मी कल्पिली होती त्याहून कठीण होती, पण उबदार होती. तिचे बोट माझ्या नखापासून गुडघ्यापर्यंत, हळू, एकेक सांधा चाचपत वर आले. वरच्या टोपलीतून चितरी खाली पाहत होती. पाहू दे, असे माझ्या मनात आले. इतके निर्भेळ सुख मला अंडे घालतानाही झालेले नाही.

“काल डावा होता,” दोन्या म्हणाली. “आज उजवा.” मग तिचा हात माझ्या छातीखाली गेला आणि तिने मला तळहातावर तोलले. “पाय ठणठणीत आहे. अंगावर मांसही धरलंय चांगलं. चितरीची जागा हीच घेईल.”

“ती अंडी देते, आई.”

“अंडी कोमाद्रेकडून आणू. नवसाचा तिसरा दोरा असा मोकळा ठेवून मी तुला बाळंतपणाला पाठवायची नाही.”

एदिल्मा पुन्हा टोपलीचा काठ वळू लागली. दोन्याने मला सान रामोनसमोर नेले आणि माझ्या डाव्या पायात लाल दोरा बांधला. लोकर नवी होती, रंग चितरीच्या दोऱ्याहून गडद. त्या दिवशी परसात मी पाय इतका उंच उचलून चालले की काळी बाजूला सरकली. संध्याकाळी सोललेला मका माझ्यापुढे पडला. मी मिळवले होते. चितरीकडे टोपली होती, पण दोरा माझ्याकडे होता.

तो मान किती काळ टिकला हे सांगणे सोपे आहे: आर्नुल्फोने तोंड उघडेपर्यंत. दोन्याला सर्दी झाली म्हणून एका संध्याकाळी मका टाकायला तो आला. तो मनाने वाईट नाही. आम्हां तिघींजवळ उकिडवा बसून तो मायेनेच म्हणाला, “खा गं बायांनो, पोटभर खा. आधी पांढरी, मग काळी, मग तू तांबडे. माझ्या लेकराची आई तुमच्याच रश्श्यावर उठून उभी राहायची आहे.”

एका वाक्यावर विश्वास ठेवणे माझ्या स्वभावात नाही. मी ते तपासून पाहिले. सातुरियाच्या सुनेच्या बाळंतपणाआधी तिच्या परसातही लाल दोऱ्यांच्या कोंबड्या होत्या. कुंपणातून मी त्या पाहिल्या होत्या. बाळंतिणीचे चाळीस दिवस झाले तेव्हा ते परस ओसाड होते आणि उकिरड्यावर पिसे होती. ‘बाळंतिणीची’ या शब्दाचा अर्थ मला तेव्हा पूर्णपणे लागला. जो मका मी मान म्हणून खात होते, तो त्यांनी माझ्यात साठवायला ठेवला होता.

माणसाला वाटेल, तिथे मत्सर संपला असेल. तो वाढला, फक्त त्याचा विषय बदलला. पूर्वी मी चितरीच्या टोपलीचा हेवा करत होते; आता तिच्या मोडक्या हाडाचा करू लागले. ज्या मोळीने तिला पाडले तिच्याखाली मी का नव्हते? मी भिंतीकडे तोंड करून अंडे देत होते, कामात होते, आणि कामात असणाऱ्याचे पाय शाबूत राहतात.

मी पुन्हा लंगडून पाहिले. आता ते खरे वाटावे म्हणून जीव ओतला. कोणी वळूनही पाहिले नाही.

दरम्यान चितरीची पट्टी निघाली. सातुरिया म्हणाली होती तसेच झाले: हाड धरले आणि चाल वाकडी राहिली. एदिल्मा तिच्या पोटाखालून कापडाचा पट्टा घेऊन, दोन्ही टोके वर धरून, तिला ओसरीत चालवी. पाऊल, थांबणे, पाऊल. एदिल्माही तेव्हा तशीच चालत असे, एक हात कमरेच्या मागे. दोघींची चाल एक झाली होती. “चल, आपल्या दोघींना उभं राहायचंय,” असे ती खाली न वाकता म्हणे. हे मी कुंपणाजवळून पाहिले. पाहायचे नाही असे ठरवून पाहिले.

मग चितरीला संध्याकाळी आमच्याबरोबर खुराड्यात ठेवू लागले. परक्यासारखी आलेली कोंबडी दांडीवर बसली की तिला टोचायचे असते. पांढरीने टोचले, काळीने टोचले. चितरी वाकड्या पायाने दांडी धरत धरत सरकली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली; तिथेच जागा होती. मी टोचले नाही. ते दयेने नव्हे. तिच्याकडे पाहण्याचीच माझी इच्छा नव्हती.

एका धुक्याच्या सकाळी एदिल्माच्या कळा सुरू झाल्या. शेजाऱ्याच्या जीपमधून तिला खाली गावातल्या दवाखान्यात नेले. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला, कानांत कापूस, अंगावर दोन घोंगड्या, आणि आर्नुल्फोच्या हातात एक गुंडाळी, जी रडत होती. मुलगी. दोन्याने खोलीची खिडकी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या आणि गुळाचे पाणी उकळायला ठेवले. मग ती परसात आली आणि पांढरीला घेऊन गेली.

पांढरीविषयी मला फारशी आपुलकी नव्हती. तरीही त्या दुपारी घरातून वास आला तेव्हा मी परसाच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभी राहिले. पुढचे दिवस शेजारपाजारच्यांनी आणलेल्या कोंबड्यांवर निघाले. नंतर काळी गेली. चितरी मात्र उंबरा ओलांडून, फळी नसलेल्या दारातून, लंगडत बाळंतिणीच्या खोलीत जाई आणि पलंगाच्या पायाशी बसे. एदिल्मा रस्सा प्यायची, ही खाली सांडलेली भाकरी टिपायची. मरण समोर असतानाही मला त्या भाकरीचे वाईट वाटत होते, हे मी तटस्थपणे नोंदवते.

खुराड्यात आता चितरी आणि मी, दोघीच. एका संध्याकाळी, उजेड जवळजवळ गेला असताना, माझ्या डाव्या पायाशी काहीतरी हुळहुळले. अंधारात कोंबडी आंधळी असते. मला वाटले चितरी टोचते आहे, उरलेसुरले माझ्याकडून हिसकावते आहे. मी होती नव्हती ती सगळी शक्ती लावून त्या दिशेने चोच मारली. ती कशाला तरी मऊ लागली. आवाज आला नाही. ओरडणे आले नाही. मग मी झोपले.

सकाळी चुलीवर मोठे पातेले चढले. दोन्या परसात आली, पदर खोचल्यासारखे एप्रन वर खोवून, आणि तिने मला पकडले. तिने मला उलटे धरले, डावा पाय पाहिला आणि तशीच थांबली.

पायात दोरा नव्हता.

मला काखेत धरूनच तिने खुराडे पाहिले, परस पाहिले. दोरा सापडला तुळईखाली, चितरीच्या जुन्या टोपलीत, जी आता खाली ठेवलेली होती आणि जिच्यात ती दुपारी अजून जाऊन बसे. लाल, गडद, मक्याच्या सालांत.

सातुरियाला हाक गेली. तिने दोरा उजेडात धरला.

“गाठ जशीच्या तशी आहे,” ती म्हणाली. “तुटलाय तो मधेच. आणि हे टोक बघ, सरळ आहे. सुरी चाललीय, कोमाद्रे.”

“आणि हे दुसरं?” दोन्या म्हणाली.

दुसरे टोक पिंजलेले होते, चघळल्यासारखे. सातुरिया म्हणाली, कापल्यावर कोंबडीने चघळला असेल. दोन्या म्हणाली, कोंबडीनेच तोडला असेल, लोकर कधी कधी सरळही तुटते. मग ती खोलीच्या दाराशी गेली. मी काखेतच होते, म्हणून पुढचे शब्द मी अगदी जवळून ऐकले.

“एदिल्मा, तू खुराड्याकडे गेली होतीस?”

“तूच खिडकी लावून चिंध्या कोंबल्यास, आई. मी अंथरुणातून उठले असते तर तुला कळलं नसतं?”

“तुम्ही?” दोन्याने आर्नुल्फोला विचारले.

तो भाकरी खात होता. “सासूबाई, मला तर तो रस्सा हवा होता. बाळंतीण अर्धाच पिते, उरलेला कोणाच्या वाटीत जातो?”

सातुरियाने त्या सगळ्यांच्या हातांकडे पाहिले. मीही पाहिले, कारण माझी चोच रात्री कशाला तरी लागली होती. एदिल्माच्या अंगठ्याला चिंधी होती. आर्नुल्फोच्या तर्जनीला होती. मला धरलेल्या दोन्याच्या हातालाही, मनगटाजवळ, एक ताजी चिंधी होती. टोपल्या विणणाऱ्या घरात याने काही सिद्ध होत नाही. चितरी पलंगाच्या पायाशी बसली होती आणि तिच्या तुऱ्यावर वाळलेल्या रक्ताचा एक ठिपका होता. पण तिच्या अंगावर ठिपके नाहीत अशी जागाच नाही, आणि तो तिथे आधीपासून होता की नव्हता हे मी, तिच्याकडे पाहायचे नाही असे ठरवलेली, कशी सांगणार?

“म्हणजे संतानं सोडली?” सातुरियाने विचारले. तिच्या स्वरात थोडी थट्टा होती.

दोन्या बराच वेळ दोऱ्याकडे पाहत राहिली. नीट आठवले तर, ती टोकांकडे नव्हे, आपण बांधलेल्या गाठीकडे पाहत होती. मग तिने तो तसबिरीच्या खिळ्याला अडकवला आणि मला खाली सोडले.

“आज नको,” ती म्हणाली.

त्या दिवशी घेवड्याचा रस्सा झाला. ‘सुटली’ असे दोन्या म्हणाली नाही. ‘सुटली नाही’ असेही म्हणाली नाही. बाळंतिणीचे चाळीस दिवस सरले, खिडकीतल्या चिंध्या निघाल्या, मूल बसू लागले, आणि त्या दोहोंपैकी काहीही ती अजून म्हणालेली नाही. परसात नवी पिल्ले आली आहेत. मी अंडी देते. उंबऱ्यावरची फळी गेली आहे, पण करपलेला काठ आता आम्हां दोघींच्या मधोमध पडतो आणि चितरीचा पाय वाकडा असूनही तो आधी तिच्याच चोचीत जातो. मुलीला ओसरीत बसवले की तिचा हात चितरीच्या ठिपक्यांकडे वळतो, माझ्याकडे नाही. आणि रोज संध्याकाळी चितरी दांडीवर माझ्या डाव्या बाजूला येऊन बसते, जणू ती जागा तिला कोणी दिली आहे.

मी तिच्याकडे नीट पाहायला शिकते आहे. हे कठीण काम आहे. जिचा हेवा केला तिचे उपकार मानायचे, तर आधी ते उपकार तिचेच होते हे ठरायला हवे. आणि ते ठरत नाही. कधी कधी मला वाटते, ते ठरू नये अशीच माझी इच्छा आहे.

हे वाचणाऱ्या माणसांनो, तुमच्या परसात पाय मोडलेली कोंबडी असेल तर तिचे करा. कामट्या बांधा, टोपली टांगा, तळहातावर मका धरा. मला त्याचे आता वावडे नाही, किंवा फारसे नाही. फक्त रोजचे अंडे उचलताना ते घालणाऱ्या शाबूत पायाच्या कोंबडीच्या पाठीवरही एकदा हात ठेवा. तिने लंगडून दाखवीपर्यंत थांबू नका.

दोरा अजून सान रामोनच्या खिळ्याला लटकतो आहे. उंबऱ्यावरून तो मला स्पष्ट दिसतो. त्याची गाठ शाबूत आहे, एक टोक सरळ आहे, आणि दुसरे पिंजलेले.